नखाला लागत नाही

चिंगोलाच्या पुढं, कासुम्बालेसाच्या नाक्याकडं
ट्रकांची रांग नऊ दिवस हललेली नाही.
म्वाइपोपोनं आपला ट्रक रांगेतून मागं काढला
आणि आमच्या शेडमध्ये आणून उभा केला.
मागच्या एक्सलमधून घरघर येतेय, म्हणाला,
पार म्बेयापासून.
म्हणजे हजारावर किलोमीटर त्यानं
दुखणं अंगावर काढलं.

डिफरन्शियल उतरवला तेव्हा तेल
काळं नव्हतं, चंदेरी होतं.
बा न्सोफ्वांनी बोट बुडवून अंगठ्यावर चोळलं
आणि चिंधीला पुसलं.
चमकणारं तेल आमच्यात कुणालाच आवडत नाही.

मग धुणं. ते माझं काम, चार वर्षं झाली.
जे जे घासून गुळगुळीत केलेलं, ते रॉकेलमध्ये.
खरबरीत ओतीव घरं तेवढी सोड्याच्या गरम पाण्यात.
दोघांची गल्लत केलीस तर परत पंक्चर काढायला बस,
हे पहिल्याच दिवशी ऐकून घेतलेलं.
आणि बेअरिंग हवेच्या नळीनं फिरवायचं नाही.
फिरतं सुरेख, शिट्टी घालतं,
फुटलं तर?
बा न्सोफ्वा आपली डावी भुवई दाखवतात.
अर्ध्या भुवईवर केस उगवत नाहीत.

पुसायला आईचं जुनं चितेंगे,
धुऊन धुऊन धागा न सोडणारं.
त्यावरच्या निळ्या छत्र्या
एकेक करून तेलात गेल्या.

क्राउन आणि पिनियन एकमेकांवर घासून तयार झालेले,
दोघांवर एकच आकडा कोरलेला.
एकाचा दात गेला तर दुसराही काढायचा,
धडधाकट असला तरी.
हा कुठला न्याय, म्वाइपोपो कुरकुरला.
पण त्याची जोडी शाबूत निघाली.
सदतीस आणि सहा, बा न्सोफ्वांनी दोनदा मोजले.
बेअरिंगचा एक रोलर देवी आल्यासारखा, खड्ड्याखड्ड्यांचा.
चांदी त्याचीच.

राहिला क्रॉस. मुठीएवढा, चार हातांचा.
बा न्सोफ्वांनी दिव्याखाली धरला,
चारी हातांच्या मुळांशी नख फिरवलं.
नखाला लागत नाही, म्हणाले,
आणि चांगल्यांच्या ढिगात ठेवला.
हात मात्र काढला नाही त्याच्यावरून.

खडू आहे का गं?

भावाच्या दप्तरातून एक तुकडा आणलेला होता, या कामासाठीच.
क्रॉस रॉकेलमध्ये भिजवला, कोरडा पुसला,
खडूची भुकटी चोळून पांढराफटक केला.
आता थांबायचं.
लोखंडानं काही पोटात ठेवलं असेल
तर ते ओलं होऊन वर येईल.
बाहेर म्वाइपोपो फोनवर घरी सांगत होता,
आजच, हो, फार तर उद्या.

बा न्सोफ्वा भिंग घेऊन वाकले.
दिवा जवळ ओढला. मग लांब सारला.
दिसतंय? त्यांनी मला विचारलं.
चार वर्षं असंच विचारतात,
आधी माहीत असलेलं माझ्याकडून वदवून घ्यायला.
मी बघितलं.
एक करडी ओल, पापणीच्या केसाएवढी,
तिसऱ्या हाताच्या मुळाशी.
बा न्सोफ्वांचं भिंग पहिल्या हातावर होतं.

डोळ्यांत तेल घालून बघावं पोरी,
हेच वाक्य घेऊन मी या शेडमध्ये मोठी झाले.

दिसतंय, मी म्हणाले. तिसरा हात.
त्यांनी क्रॉस फिरवला नाही.
भिंगाची काच शर्टाला पुसली,
माझ्यापुढं ठेवलं
आणि नव्या क्रॉसची किंमत सांगायला
म्वाइपोपोकडे निघून गेले.
बाहेर दोघांचा आवाज चढला, मग उतरला.

बाकीच्यांना तेल लावून ठेव,
थोड्या वेळानं दारातून ओरडले,
रात्रीत गंज धरतो.

लावलं होतं.
पुन्हा लावलं.